जुन्या ट्रामचा कंट्रोलर कसा चालतो: तारेपासून रुळापर्यंत, एकेक नॉच करत

जुन्या ट्रामच्या पुढच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की कमरेच्या वर येणारा एक उभा लोखंडी डबा दिसतो, तोच कंट्रोलर, त्याच्यावर पितळी हँडल, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की हा अ‍ॅक्सिलरेटर, जेवढा फिरवू तेवढा स्पीड. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं आणि त्यामुळे पुढचं काहीच नीट कळत नव्हतं. खरं म्हणजे ते हँडल स्पीड ठरवतच नाही. मोटरी एकमेकींना कशा जोडायच्या आणि त्यांच्या आधी किती रेझिस्टन्स ठेवायचा एवढंच ते ठरवतं. स्पीड मोटर स्वतः पकडते, गाडीत माणसं किती, चढ आहे की उतार, तारेत व्होल्टेज किती, हे सगळं बघून. ही एक गोष्ट डोक्यात बसली की आतलं सगळं उलगडत जातं, म्हणून आधी तीच धरून ठेवा.

हा लेख मुख्यतः ड्रम कंट्रोलरबद्दल आहे, म्हणजे अमेरिकेत १८९० च्या दशकापासून स्ट्रीटकारमध्ये बसवलेला 'के' टाइप. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस दोघांनीही तो बनवला. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट चार्ल्स लाइनवर १९२३-२४ साली बनलेल्या हिरव्या गाड्या अजून रोज धावतात आणि ड्रायव्हर अजूनही हाताने नॉच (म्हणजे हँडलचा एकेक टप्पा) घेतो, तिथे कधी गेलात तर त्याच्या मागेच उभे राहा आणि डोळ्यांपेक्षा कान जास्त वापरा.

आधी करंटचा रस्ता शोधा

कुठलीही जुनी ट्राम समजून घ्यायची तर वरून खाली यायचं. वरच्या तारेत साधारण ६०० व्होल्ट डीसी. छतावरचा ट्रॉली पोल स्प्रिंगच्या जोरावर तारेला टेकलेला, टोकाला छोटं खाचेचं चाक किंवा घासत जाणारा बूट. तिथून केबल छतावरून पुढे येते, वीज पडली तर ती जमिनीत सोडायला लाइटनिंग अरेस्टर असतो, मग ड्रायव्हरच्या डोक्यावर सर्किट ब्रेकर, तिथून कंट्रोलर, कंट्रोलरमधून गाडीखालच्या रेझिस्टन्स ग्रिड (करंट अडवणाऱ्या लोखंडी जाळ्या) आणि मोटरी, आणि शेवटी चाकांमधून रुळात. रूळ हीच परतीची वायर. बहुतेक ठिकाणी तार पॉझिटिव्ह आणि रूळ निगेटिव्ह असतात.

रूळ ही वायर आहे हे लोक विसरतात आणि ते धोक्याचं आहे. ब्रेक लागावा म्हणून टाकलेली वाळू जास्त पडली किंवा रुळावर गंज आणि पाल्याचा थर असला तर चाक आणि रूळ यांच्यातला कॉन्टॅक्ट तुटू शकतो, आणि मग पोल तारेला लागलेला असताना गाडीची लोखंडी बॉडीच ६०० व्होल्टवर जाते. अशा वेळी एक पाय जमिनीवर आणि हात गाडीच्या दांड्यावर, असं कधीही करू नका.

मेन रस्त्याशिवाय बाजूला छोटी सर्किटं असतात, एअर ब्रेकचा कंप्रेसर, हीटर आणि दिवे. दिव्यांचं सर्किट मला फार आवडतं. १२० व्होल्टचे पाच बल्ब एका सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले, पाच गुणिले १२० म्हणजे ६००, ट्रान्सफॉर्मर नाही की काही नाही. एक बल्ब गेला की पाचही जातात, मग चांगला बल्ब हातात घेऊन एकेक जागा तपासत जायचं (ते सर्किट बंद करून, अर्थात). हेच दिवे ड्रायव्हरसाठी मीटरचंही काम करतात. दिवे लागलेत म्हणजे तारेत वीज आहे, गाडी जोर घेताना मंद झाले म्हणजे लाइनचं व्होल्टेज पडतंय, आणि एकदम गेले म्हणजे पोल तारेवरून सुटला किंवा लाइन बंद पडली.

मोटर समजल्याशिवाय पुढे जाऊ नका

या मोटरी डीसी सिरीज मोटर. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि फील्ड (भोवतीच्या स्थिर चुंबकाची गुंडाळी) एकापाठोपाठ जोडलेले, त्यामुळे एकच करंट दोन्हीतून जातो. करंट वाढला की दोन्हीकडचं चुंबकत्व वाढतं, म्हणून ओढ करंटच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते (लोखंड चुंबकत्वाने भरून गेलं की मग तेवढी नाही). थांबलेली जड गाडी हलवायला याहून सोयीची मोटर त्या काळात नव्हती. फ्रँक स्प्रेग याने १८८८ साली रिचमंड, व्हर्जिनिया इथे चढउताराच्या रस्त्यांवर विजेची ट्राम व्यवस्थित चालवून दाखवली आणि त्यानंतर घोड्यांच्या ट्राम गावोगावी हटायला लागल्या.

आता अडचण कुठे येते बघा. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच जनरेटरसारखं उलटं व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. जेवढा स्पीड जास्त तेवढं उलटं व्होल्टेज जास्त, आणि तेच करंटला आवर घालतं. पण गाडी थांबलेली असताना हे उलटं व्होल्टेज शून्य असतं. समजा एका मोटरचा स्वतःचा रेझिस्टन्स अर्धा ओहम आहे (हिशोबासाठी घेतलेला आकडा), दोन मोटरी सिरीजमध्ये म्हणजे एक ओहम, त्यांना सरळ ६०० व्होल्ट दिले तर ६०० अँपिअर. ब्रेकर उडेल, नाही उडाला तर गिअर तुटेल, चाकं जागच्या जागी फिरतील आणि उभी माणसं पडतील. म्हणून सुरुवातीला मध्ये पाच ओहमचा रेझिस्टन्स घालायचा. आता एकूण सहा ओहम, करंट १०० अँपिअर, गाडी हळूच हलते.

गाडीने थोडा वेग घेतला, दोन्ही मोटरींचं मिळून उलटं व्होल्टेज २०० झालं. उरले ४०० व्होल्ट, भागिले सहा ओहम, करंट ६७ वर आला. ओढ निम्म्याहून कमी झाली, कारण वर्गाचा हिशोब. आता रेझिस्टन्स पाचवरून तीन ओहमवर आणा, एकूण चार, ४०० भागिले चार, परत १०० अँपिअर, परत तेवढीच ओढ. आणखी वेग आला, उलटं व्होल्टेज ३०० झालं, करंट ७५, रेझिस्टन्स आणखी एक ओहम कमी केला की ३०० भागिले तीन, पुन्हा १००. नॉच घ्यायचा म्हणजे एवढंच, प्रत्येक टप्प्यावर करंट खाली आला की रेझिस्टन्सचा एक तुकडा काढून टाकायचा. कागद घेऊन हा हिशोब एकदा स्वतः करा, वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट कळेल.

सिरीज आणि पॅरलल

रेझिस्टन्समध्ये जाणारी वीज म्हणजे नुसती उष्णता. फक्त रेझिस्टन्स वापरून गाडी पूर्ण व्होल्टेजपर्यंत नेली तर घेतलेल्या विजेतली जवळजवळ निम्मी ग्रिड तापवण्यात जाते. म्हणून युक्ती अशी की आधी दोन्ही मोटरी सिरीजमध्ये जोडायच्या, म्हणजे प्रत्येकीला ३०० व्होल्ट आणि गाडी साधारण अर्ध्या स्पीडवर बिनारेझिस्टन्स चालते, आणि मग त्या पॅरललमध्ये, शेजारी-शेजारी, टाकायच्या, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण ६००. सिरीजमध्ये एकच करंट दोन मोटरींमधून जातो, त्यामुळे तेवढीच ओढ निम्म्या करंटमध्ये मिळते. आदर्श हिशोब केला तर वाया जाणारा वाटा निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतो. शिवाय गर्दीच्या रस्त्यावर सावकाश चालायला एक फुकटचा स्पीड मिळतो. चार मोटरींची गाडी असली तर सहसा दोन-दोनची जोडी करतात आणि प्रत्येक जोडीला एक मोटर समजून हेच सगळं करतात.

कव्हरवर हँडलच्या भोवती खुणा कोरलेल्या असतात. सगळ्या खुणा सारख्या नसतात, नीट बघा, दोन खुणा वेगळ्या किंवा लांब असतात. त्या रनिंग नॉच, एक सिरीजचा शेवटचा आणि एक पॅरललचा शेवटचा. फक्त या दोन ठिकाणी रेझिस्टन्स पूर्ण बाहेर असतो, म्हणून फक्त इथेच हँडल कितीही वेळ ठेवता येतं. बाकीचे सगळे नॉच पायऱ्या आहेत, पायरीवर बसून राहायचं नसतं. ग्रिड ओतीव लोखंडाच्या असतात, गाडीखाली वाऱ्यावर टांगलेल्या, काही सेकंदांच्या करंटसाठीच बनवलेल्या. मधल्या नॉचवर रेंगाळलात तर त्या लाल होतात, वास यायला लागतो आणि शेवटी तडकतात.

डबा उघडायच्या आधी

इथे मी आवाज चढवून सांगतो. पोल खाली ओढून हुकात अडकवलेला आणि दोरी बांधलेली, ब्रेकर उघडा, हँडल काढून तुमच्या खिशात, चाकांना ठोकळे, आणि मग टेस्टरने खात्री. ठोकळे यासाठी की गाडी गडगडली तर मोटरी जनरेटर होऊ शकतात आणि पोल खाली असूनही टर्मिनलवर व्होल्टेज येऊ शकतं. दुसरी गोष्ट, जुन्या कंट्रोलरच्या आतल्या ठिणगी अडवणाऱ्या पट्ट्या बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसच्या असतात, त्यांना घासू नका, कॉम्प्रेस्ड हवेने फुंकर मारू नका, ज्यांना ते काम येतं त्यांच्याकडून करून घ्या. धूळ दिसतच नाही म्हणून लोक ही गोष्ट हलकी घेतात, तसं करू नका.

कव्हर काढलं की समोर एक उभा ड्रम दिसतो. त्याच्यावर वेगवेगळ्या लांबीचे तांब्याचे पट्टे, त्यांना सेगमेंट म्हणतात, आणि बाजूला एका रांगेत स्प्रिंगने दाबलेले कॉन्टॅक्ट, ते फिंगर. हँडल फिरलं की ड्रम फिरतो आणि कुठला पट्टा कुठल्या फिंगरखाली येतो त्यावरून सर्किट बदलतं. सगळी बुद्धी त्या पट्ट्यांच्या लांबीत कोरून ठेवलेली आहे, एक प्रकारचा तांब्यात लिहिलेला प्रोग्रॅमच. वर एक खाचांचं चाक आणि स्प्रिंगचा दट्ट्या असतो, त्याच्यामुळे प्रत्येक नॉचला हाताला खटका जाणवतो आणि हँडल दोन नॉचच्या मध्ये लटकत नाही.

मोठ्या ड्रमशेजारी छोटा ड्रम, तो रिव्हर्सर. पुढे, बंद, मागे. तो आर्मेचरची जोडणी फील्डच्या मानाने उलटी करतो, त्यामुळे मोटर उलटी फिरते. नुसत्या तार आणि रूळ अदलाबदल करून उपयोग नाही, सिरीज मोटरमध्ये दोन्ही एकदम उलटलं तर ती परत त्याच दिशेला फिरते. दोन ड्रममध्ये लोखंडी अडसर असतो, रिव्हर्सर बंद असेल तर मोठं हँडल हलत नाही आणि मोठं हँडल बंदवर नसेल तर रिव्हर्सर हलत नाही. दोन्ही टोकांना कंट्रोलर असलेल्या गाडीत रिव्हर्सरचा दांडा एकच असतो, ड्रायव्हर तो काढून दुसऱ्या टोकाला घेऊन जातो, त्यामुळे मागे राहिलेला कंट्रोलर कोणा पोराने फिरवायचा म्हटलं तरी फिरत नाही. किती साधं आणि किती पक्कं!

ब्लोआउट कॉइल हा तिसरा महत्त्वाचा भाग. ६०० व्होल्ट डीसी तोडलं की ठिणगी लांब ताणली जाते आणि विझत नाही, एसीसारखा तिचा करंट शून्यातून जात नाही. एलिहू थॉमसनने शोधलेली युक्ती अशी की मेन करंटच एका कॉइलमधून न्यायचा, त्याच्या चुंबकाने ठिणगी बाजूला ढकलायची, ती लांब होऊन तुटते. करंट जास्त तेवढा चुंबकही जोरदार, म्हणजे गरजेच्या वेळी आपोआप ताकद वाढते.

तपासताना काय बघायचं: प्रत्येक फिंगर स्प्रिंगने नीट दाबतोय का, टोक जळून खड्डे पडलेत का, सेगमेंटच्या कडा वितळल्यात का. थोडं खरबरीत असेल तर बारीक कानशीने सपाट करायचं, तांब्याचा भुसा फडक्याने पूर्ण पुसून घ्यायचा आणि सेगमेंटवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात. जास्त लावलं तर त्यात धूळ आणि तांब्याचे कण बसतात आणि तिथूनच शॉर्ट होतं. मी जितके जळलेले ड्रम बघितले त्यात ग्रीस कमी पडलेले थोडे होते, जास्त झालेले खूप.

आता चालवताना, क्रमाने

पोल तारेवर, दिवे लागलेत, ब्रेकला पुरेशी हवा भरलीये, ब्रेकर लावलाय. रिव्हर्सर पुढे. ब्रेक सोडा आणि पहिला नॉच घ्या. हलका धक्का, मोटरीची गुरगुर, गाडी सरकली. साधारण एक-दीड सेकंद थांबून दुसरा, मग तिसरा. गाडी भरलेली किंवा चढ असला तर जास्त थांबायचं, रिकामी असली तर कमी, घड्याळ बघायची गरज नाही, प्रत्येक नॉचनंतर ओढ वाढते आणि मग ती सैल पडल्याचं पायांना जाणवतं, सैल पडली की पुढचा. सिरीजच्या रनिंग नॉचवर आलात की गाडी स्थिर होईपर्यंत तिथे थांबलात तरी चालेल.

मग पॅरलल. हे मधलं अंतर हँडलने न थांबता पार करायचं. या अर्ध्या सेकंदात आत काय होतं ते ऐका: रेझिस्टन्स परत आत येतो, दुसरी मोटर शॉर्ट करून बाजूला काढली जाते, मग तिची एक बाजू सुटते आणि ती पहिलीच्या शेजारी पॅरललमध्ये बसते. त्या क्षणी गाडी एकाच मोटरीवर असते, म्हणून ओढ किंचित सुटून परत येते, जुन्या ट्रामचा ओळखीचा हेलकावा तो हाच. इथे मध्ये थांबलात तर फिंगर जळतात. त्यानंतर पॅरललचे नॉच तसेच एकेक करून शेवटच्यापर्यंत.

बंद करताना अगदी उलट. घेताना सावकाश, सोडताना एका झटक्यात शून्यावर. एकेक नॉच मागे येत गेलात तर प्रत्येक पायरीवर ठिणगी पडते आणि सावकाश तुटणारा कॉन्टॅक्ट सगळ्यात जास्त जळतो. आणि पॅरललवरून सिरीजवर मागे यायचं नाही, वेग कमी हवा तर पूर्ण बंद करून गाडी वाहू द्यायची आणि लागलं तर परत पहिल्यापासून.

वरच्या तारेचे वेगवेगळे तुकडे (सेक्शन) जिथे जोडलेले असतात तिथे पॉवर बंद ठेवून जायचं, नाहीतर जोडावर ठिणगी पडून तो जळतो. दिवे एकदम गेले तर कसलाही विचार न करता हँडल शून्यावर. कारण वीज परत आली तेव्हा गाडी हळू झालेली आणि हँडल मात्र पूर्ण पॅरललवर असेल तर सगळा दणका मोटरीच्या कम्युटेटरवर (आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या गोलावर) बसतो. चाकं घसरली तरी तेच, बंद, थोडी वाळू, पुन्हा पहिल्या नॉचपासून. सिरीजमध्ये एक मोटर घसरून पळायला लागली की तिचं उलटं व्होल्टेज वाढतं आणि दुसरीचा करंटही पडतो, म्हणजे रुळाला धरून असलेली मोटरसुद्धा ओढायची थांबते, म्हणून नुसतं पुढे रेटून काही होत नाही.

ब्रेक पूर्ण गेले तर एक शेवटचा उपाय या सर्किटमध्येच दडलेला आहे: ब्रेकर पाडायचा, रिव्हर्सर उलटा टाकायचा आणि हँडल पॅरललमध्ये न्यायचं. दोन मोटरी एकमेकींशी जोडल्या जातात आणि एक जनरेटर होऊन दुसरीशी भांडते, गाडी जोरात थांबते, वरून वीज नसली तरी. मोटरी आणि गिअर यांना हे फार जड जातं, त्यामुळे जिवावर बेतलं तरच.

गाडी काय सांगतेय ते ओळखा

लक्षणांवरून दोष शोधणं हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, कारण इथे वरचं सगळं कामाला येतं. दिवे लागलेत पण पहिल्या नॉचला काहीच नाही आणि दुसऱ्याला गाडी हिसका देऊन निघते? ग्रिडचा पहिला तुकडा तुटलाय किंवा पहिला फिंगर लागत नाही, दुसऱ्या नॉचला करंट तो तुकडा टाळून जातो. सिरीजच्या सगळ्या नॉचवर मेलेली आणि पॅरललला आल्यावर कशीबशी निघते? एका मोटरचं सर्किट तुटलंय, सिरीजमध्ये एक कडी तुटली की साखळी संपली, पॅरललमध्ये दुसरी एकटी ओढते. सिरीजमध्ये नीट आणि पॅरललला ब्रेकर उडतो? तिथे प्रत्येक मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं, त्यामुळे कमकुवत इन्सुलेशन तिथेच उघडं पडतं, आधी मोटरी आणि त्यांच्या केबल तपासा.

आजारी मोटर बाजूला काढायला कंट्रोलरमध्येच खालच्या बाजूला कट-आउट स्विच असतात. एक मोटर काढली की हँडल पॅरललमध्ये जाऊ नये असा अडसरही असतो, उरलेल्या मोटरीवर गाडी सावकाश डेपोपर्यंत आणायची.

ड्रमनंतर काय झालं

मोटरी मोठ्या झाल्या तसा सगळा करंट ड्रायव्हरच्या हाताशी तोडणं अवघड झालं. मधला उपाय म्हणजे ड्रम तसाच ठेवून गाडीखाली एक लाइन कॉन्टॅक्टर (दुरून चालवायचा मोठा स्विच), हँडल सोडलं की तो आधी तुटतो आणि मोठी ठिणगी माणसापासून लांब पडते. पूर्ण उपाय स्प्रेगनेच काढला, १८९७ साली शिकागोच्या साउथ साइड एलेव्हेटेड या खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेसाठी: ड्रायव्हरच्या हातात फक्त छोट्या करंटचा मास्टर कंट्रोलर आणि खरे कॉन्टॅक्टर प्रत्येक डब्याखाली, त्यामुळे एका हँडलवर अनेक डबे. पुढे करंट रिले आले, करंट ठरलेल्या आकड्याच्या खाली आला की पुढचा कॉन्टॅक्टर आपोआप लागतो, ड्रायव्हर पायांनी जे ओळखायचा ते आता रिले ओळखायला लागला. १९१० च्या दशकात आलेल्या छोट्या बर्नी गाड्या एकाच माणसाने चालवायच्या होत्या, म्हणून त्यांच्या हँडलवरचा हात सुटला की वीज बंद होऊन इमर्जन्सी ब्रेक लागायचा.

आणि १९३६ मध्ये ब्रुकलिनला पीसीसी गाडी (ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांच्या समितीने घडवलेली नवी ट्राम) आली, हँडलच्या जागी पेडल. वेस्टिंगहाउसच्या पीसीसीमध्ये गाडीखाली एक गोल अ‍ॅक्सिलरेटर असतो, एक छोटी मोटर त्याचा हात फिरवते आणि रेझिस्टन्स जवळजवळ शंभर बारीक पायऱ्यांमध्ये निघत जातो, म्हणून ती गाडी धक्का न देता सुटते. सिरीज-पॅरललचा हेलकावाही नाही, कारण मोटरी ३०० व्होल्टच्या, दोन-दोन कायमच्या सिरीजमध्ये. तत्त्व मात्र तेच, करंट पडला की रेझिस्टन्स काढा. के टाइपवर हात बसलेल्या माणसाला पीसीसीचा नकाशा एका संध्याकाळी कळतो, उलट्या बाजूने सुरुवात केली तर आठवडे जातात, म्हणून शिकायला जुना ड्रमच घ्या, वायरिंगचा नकाशा समोर ठेवा आणि प्रत्येक नॉचसाठी वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने तारेपासून रुळापर्यंत रेघ ओढा.